पाणी आला का पेरू : इंग्रजीतले ओन्ली, ईव्हन, जस्ट आणि त्यांच्यामागून येणारी वाक्यं

काळी_माती

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सोळा मुलं-मुली आहेत, जवळपास सगळी कास्तकारांच्या घरची. मागच्या आठवड्यात त्यांना म्हटलं, मृग लागला की तुमच्या घरी काय काय होतं ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा. पुस्तकातलं नको, घरातलं लिहा.

वह्या तपासायला बसले. ही तीन वाक्यं थोड्याफार फरकाने प्रत्येक वहीत होती (यातलं ‘सो’ म्हणजे पेरणं):

व्हेन द रेन विल कम, देन वी विल सो.
अन्टिल द रेन डज नॉट कम, माय फादर विल नॉट सो.
ऑलदो द क्लाउड्स केम, बट द रेन डिड नॉट कम.

लाल पेन उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. सोळा जण एकच चूक एकसारखी करतात तेव्हा त्या चुकीला काही कारण असतं. मी वाक्यं मोठ्याने वाचली आणि आतली वऱ्हाडी ऐकू आली (आमच्याकडे पावसाला ‘पाणी’ म्हणतात आणि ‘की’ला ‘का’). जवा पाणी येईन तवा पेरू. पाणी येत नाही तोवर बाबा पेरत नाही. ढग आले पण पाणी नाही आला.

गाइडमध्ये उभयान्वयी अव्ययांची यादी आहे, समोर मराठी अर्थ आहेत. मुलांना ती पाठ आहे, आणि तरीही वाक्यं अशी येतात.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. नुसतं व्हेन त्यांना कळतं. पण धड्यात ओन्ली व्हेन, ईव्हन इफ, जस्ट ॲज, एव्हर सिन्स, लाँग आफ्टर असं काही आलं की पोरं थबकतात. दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत असतात, जोडीचा लागत नाही. रोजच्या इंग्रजीत तर हे शब्द पावलोपावली येतात. तुम्ही हे कसं शिकवता किंवा कसं शिकलात, ते सांगा.

वर्धाकाठ

ताई, मी पुलगावच्या बाजूच्या शाळांत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तुमचं निदान बरोबर आहे, त्याला थोडी जोड देतो.

मराठीचं मिश्र वाक्य जोडीनं चालतं. जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जिथे-तिथे, जोवर-तोवर. पण बोलताना आपण जोडीतला एक शब्द गाळतो. कोणता? ‘पाणी येईल तेव्हा पेरू.’ ‘आला तर पेरू.’ ‘आला तरी नाही पेरणार.’ म्हणजे ‘ज’चा शब्द जातो आणि ‘त’चा राहतो. इंग्रजीचं बरोबर उलटं आहे. ती ‘ज’चा शब्द ठेवते आणि ‘त’चा गाळते. व्हेन राहतं, देन जातं. ऑलदो राहतं आणि त्याच्या जोडीचं काही लागत नाही. आपली मुलं दोन्ही ठेवतात, कारण त्यांना पूर्ण मराठी वाक्य डोळ्यापुढे दिसत असतं. वर्गात मी फळ्यावर जोडी लिहायचो आणि मुलांनाच विचारायचो: मराठीत यातलं काय खोडाल? इंग्रजीत काय खोडाल? दोनदा खडू दिला की पुन्हा सांगावं लागत नसे.

इथे एक खबरदारी घ्या. इफच्या जोडीला देन चालतं, ते चूक धरू नका. ऑलदोच्या जोडीला यट जुन्या लिखाणात दिसतं, कारण यट क्रियाविशेषणासारखं वागतं. बट मात्र दोन स्वतंत्र वाक्यं जोडणारा शब्द आहे. ऑलदोनं पहिलं वाक्य आधीच गौण केलेलं असतं, मग बटला जोडायला काही उरत नाही. बिकॉज आणि ‘म्हणून’ अर्थाचा सो यांचंही तसंच.

आता ‘विल’. तुमच्या धाग्याच्या नावातच उत्तर आहे. ‘पाणी आला का पेरू.’ पाणी अजून यायचा आहे, पण आपण ‘आला’ म्हणतो, भूतकाळाच्या रूपात, आणि कुणालाही ते खटकत नाही. पुढची गोष्ट सांगण्याचं काम ‘पेरू’कडे दिलेलं असतं. इंग्रजी हेच करते, फक्त ‘आला’च्या जागी तिचं साधं वर्तमान रूप येतं: व्हेन द रेन कम्स, वी विल सो. ‘व्हेननंतर विल येत नाही’ हा नियम म्हणून सांगितला तर परीक्षेपर्यंत टिकतो. ‘आला का’च्या शेजारी ठेवून दाखवला तर पुढेही टिकतो.

अन्टिलसाठी मराठीतली दुसरी रचना वापरा. ‘पाणी येत नाही तोपर्यंत’ यात नकार आहे, म्हणून मुलं डज नॉट लिहितात. ‘पाणी येईपर्यंत’ यात नकार नाही. अन्टिल म्हणजे ‘-ईपर्यंत’. अन्टिल द रेन कम्स. अनलेसचं दुखणंही हेच. ‘नाही’ त्या शब्दाच्या पोटातच आहे, बाहेर दुसरं लावलं तर अर्थ उलटा होतो.

मृगाचा_किडा

ताई, राहावलं नाही म्हणून लिहून राह्यलो. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता गावातच कास्तकारी करतो. तिथं पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत, अन् मी बारावीपर्यंत मराठी माध्यमाचा.

दरवर्षी जूनमधी सल्ला येतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. इंग्रजीत तोच सल्ला असा लिहितात: सो ओन्ली आफ्टर 75 टू 100 मिलिमीटर ऑफ रेन हॅज फॉलन. आता यातला ओन्ली काढून वाचा. सो आफ्टर द रेन हॅज फॉलन. वाक्य खरं राहते, पण सल्ला मरते. पयला शिरवा पडला, जमीन वरून ओली दिसली अन् कोणी बियाणं टाकलं, तर हे दुसरं वाक्य त्याले अडवत नाही. आठ दिवस उघाड पडली का दुबार पेरणी, बियाण्याची बॅग पुन्हा विकत. ओन्ली हा एक शब्द त्या बॅगेच्या किमतीचा हाय.

अन् तो ओन्ली मराठीत कुठं गेला? ‘पाऊस झाल्यावरच पेरा.’ शेवटचा ‘च’ म्हणजे ओन्ली. आपल्या इथं तो शेपटीले लटकते, इंग्रजीत डोक्यावर बसते. मले हे कोणी शिकवलं नाही, पण ज्या दिवशी ध्यानात आलं त्या दिवसापासून मी असे शब्द शेपटीकडूनच वाचतो. ईव्हन आफ्टर म्हणजे ‘झाल्यावरही’. ओन्ली आफ्टर म्हणजे ‘झाल्यावरच’. राइट आफ्टर म्हणजे ‘झाल्याबरोबर’. लाँग आफ्टर म्हणजे ‘झाल्यावर लय दिवसांनी’. एव्हर सिन्स म्हणजे ‘तवापासून आजपर्यंत’.

काळी_माती

दादा, ‘शेपूट आणि डोकं’ उद्याच फळ्यावर जाणार. मी इतकी वर्षं ओन्लीचा अर्थ ‘फक्त’ सांगत आले. ‘फक्त पाऊस पडल्यानंतर पेरा’ असं आमच्या गावात कोण बोलतं? कुणीच नाही. सगळे ‘पडल्यावरच’ म्हणतात. पोरांच्या कानावर जे कधी पडलंच नाही त्याच्याशी मी इंग्रजी शब्द बांधत होते.

पराटी

मी अमरावती जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. भाषेची माणूस नाही, पण ईव्हनबद्दल सांगण्यासारखं आहे.

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते, आणि माणूस गोळ्या सोडायला लागतो. इंग्रजी माहितीपत्रकांत अशा अर्थाची ओळ असते: डू नॉट स्टॉप ईव्हन इफ यू फील बेटर. एका रुग्णाचा मुलगा अकरावीला होता. त्यानं ती ओळ वाचून वडलांना सांगितलं, ‘बरं वाटलं तर थांबू नका.’ वडील म्हणाले, मला अजून पुरतं बरं वाटत नाही, म्हणजे हे माझ्यासाठी नाही. पोरानं इफ वाचला होता, ईव्हन सोडला होता. मी त्याला म्हटलं, ‘तर’ला ‘तरी’ कर. ‘बरं वाटलं तरी थांबू नका.’ एका वेलांटीत सगळं बदललं. वडलांनी कोर्स पूर्ण केला.

माझा अनुभव असा की ईव्हन इफ म्हणजे ‘तरी’ एवढं मुलांना पटकन कळतं. पण ईव्हन इफ आणि ईव्हन दो यांच्यात माझा अजून गोंधळ होतो. दोन्हींना ‘तरी’च ना?

वर्धाकाठ

पराटीताई, गोंधळ व्हावा अशीच ती जागा आहे. ‘पाणी आला तरी आम्ही जाऊ’ आणि ‘पाणी आला तरी आम्ही गेलो’ यांत मराठीचा अर्धा भाग अक्षरशः एकच आहे. पाऊस खरंच आला होता की येईल-न येईल, हे मुख्य क्रियापदावरून कळतं. इंग्रजी ते आधीच, दारातच सांगून टाकते. ईव्हन इफ म्हणजे अजून ठरलेलं नाही, आलाच समजा तरी. ईव्हन दो म्हणजे आला, ही झालेली गोष्ट. तुमच्या माहितीपत्रकात ‘बरं वाटेल किंवा वाटणार नाही’ अशी स्थिती आहे, म्हणून ईव्हन इफ. ‘त्याला बरं वाटत होतं तरी त्यानं गोळ्या सोडल्या नाहीत’ इथे ईव्हन दो.

मृगाचा_किडा यांच्या ओन्लीला एक शेपूट आणखी आहे, ते बारावीला लागतं. ओन्ली आफ्टर किंवा ओन्ली व्हेनचं गौण वाक्य सुरुवातीला आणलं की पुढच्या मुख्य वाक्यात कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात: ओन्ली आफ्टर द रेन केम डिड वी सो. नॉट अन्टिलचंही तसंच. ईव्हन आणि जस्टला हे लागत नाही: ईव्हन आफ्टर द रेन केम, वी डिड नॉट सो. ओन्लीच्या पोटात नकार दडलेला असतो, ‘त्याआधी नाही’ असा, आणि सुरुवातीला नकार आला की इंग्रजी वाक्याची ही फिरवाफिरव होते. रोजच्या बोलण्यात लोक ओन्ली आफ्टर मागेच ठेवतात, वी सोड ओन्ली आफ्टर द रेन केम, आणि काही फिरवावं लागत नाही. दहावीला तेवढं पुरे.

आणि नो सूनर. दरवर्षी निम्मा वर्ग त्याच्यापुढे व्हेन लिहितो. सूनर हे तुलनेचं रूप आहे, ‘अधिक लवकर’. तुलना आली की ‘पेक्षा’ हवं, म्हणून दॅन. हार्डलीत तुलना नाही, म्हणून तिथे व्हेन. पाठ करण्यापेक्षा हे कारण सांगा.

दूरदेशी_अकोलेकर

मी आता पुण्यात नोकरीला आहे, घर बार्शीटाकळी तालुक्यात. सगळ्यांचं वाचलं. शब्दांचे अर्थ, काळ, सगळं पटलं. पण मला वाटतं एक गोष्ट राहिली, आणि आमच्या घरी नेमकी तिनेच घात केला.

तीन वर्षांपूर्वी काढणीच्या वेळी कापून ठेवलेलं सोयाबीन पावसात भिजलं. बाबांच्या मोबाइलवर पीकविम्याचा संदेश आला, इंग्रजीत. त्यातलं वाक्य मला आजही तसंच आठवतं: नो क्लेम विल बी एंटरटेन्ड अनलेस द लॉस इज रिपोर्टेड विदिन 72 अवर्स. मी त्या दिवशी गावी नव्हतो. माझा चुलतभाऊ तेव्हा नववीत होता, त्यानं वाचलं. नो क्लेम विल बी एंटरटेन्ड. तो थांबला आणि म्हणाला, ‘काका, दावा मिळणार नाही म्हणते.’ बाबांनी फोन खिशात ठेवला. मी चौथ्या दिवशी पोचलो आणि संदेश बघितला, तोवर 72 तास उलटून गेले होते.

त्या पोराला अनलेस माहीत होता. त्यानं तिथपर्यंत वाचलंच नाही, कारण त्याच्या कानाला वाक्य पूर्ण झालं होतं. मराठीत अट बहुतेक वेळा आधी येते: ‘72 तासांत कळवलं नाही, तर दावा मिळणार नाही.’ ‘तर’ ऐकेपर्यंत आपण वाट बघतो, कारण मुख्य गोष्ट शेवटी येणार हे ठाऊक असतं. इंग्रजी मुख्य गोष्ट आधी सांगून मोकळी होते आणि अट मागून येते. आपल्या मुलाला ते मागचं वाक्य शेपटासारखं, नसलं तरी चालेल असं वाटतं.

ताई, वर्गात एकदा तरी हे करून बघा. अनलेस, अन्टिल, ओन्ली इफ मध्यात असलेली वाक्यं द्या आणि सांगा की आधी तो शब्द शोधा, त्याला गोल करा, तिथून शेवटपर्यंत वाचा, मग पहिला भाग वाचा. माझ्या त्या भावाला मी हेच शिकवलं. तो आता बारावीला आहे आणि घरातलं प्रत्येक इंग्रजी पत्र असंच वाचतो. बाबाही त्याला विचारतात, ‘गोल केलास का?’

स्वल्पविराम याच कामाचा आहे. गौण वाक्य आधी आलं की त्याच्यानंतर स्वल्पविराम देतात, मागे आलं की बहुतेक वेळा देत नाहीत. म्हणजे मागे आलेल्या अटीआधी वाचणाऱ्याला थांबायची कुठलीही खूण मिळत नाही.

सातपुडा_पायथा

विषय चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे. मीही शिक्षक आहे. मुलांना वऱ्हाडीतून इंग्रजीकडे नेलं तर ती कायम मनात भाषांतर करत राहतात. आधी वऱ्हाडी, मग प्रमाण मराठी, मग इंग्रजी, एवढे टप्पे कशाला? सरळ इंग्रजी ऐकवावं, भरपूर वाचून घ्यावं. सवयीनं आपोआप येतं.

वर्धाकाठ

सर, भरपूर ऐकलं-वाचलं तर येतं, यात वाद नाही. पण ताईंच्या गावात इंग्रजी किती कानावर पडतं? दिवसातला तो एक तास. एका तासात सवय लागत नाही, समज मात्र येऊ शकते. आणि भाषांतर मुलं तसंही करतातच, आपण बघत नसताना. त्या वह्यांत तेच दिसतंय. मग ते समोर बसवून नीट करून घेतलेलं बरं.

मधले टप्पे मलाही नकोत. ‘आला का’ हे प्रमाण मराठीत ‘आला की’ करून मग इंग्रजीत न्यायची गरज नाही. थेट ‘आला का’ला ॲज सून ॲज किंवा व्हेन लावा. ‘काहून का’ला बिकॉज.

मृगाचा_किडा

‘काहून का’ वाचून बरं वाटलं सर. शाळेत तो शब्द बोललो का मास्तर हसत, अन् मी ‘कारण की’ म्हणायले शिकलो. पण बिकॉज अन् ‘काहून का’ हे बोलण्यात एकाच जागी येतात. ‘नाही गेलो, काहून का पाणी होता.’ आय डिड नॉट गो बिकॉज इट वॉज रेनिंग. मागं येते, मधी कुठं थांबत नाही. ही एक जागा हाय जिथं आपली बोली अन् इंग्रजी सारखीच चालते, तर पोट्ट्यायले ती आधी द्या. पयलं वाक्य बरोबर आलं का पुढच्याची भीती राहत नाही.

काळी_माती

आज वर्ग झाला, म्हणून सांगायला आले.

गाइडची यादी बाजूला ठेवली. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, वी सोड आफ्टर द रेन केम, आणि मुलांना वऱ्हाडीत विचारत गेले. ‘आल्यावरच’ कसं म्हणाल? एकीनं उठून आफ्टरच्या आधी ओन्ली लिहिलं. ‘आल्याबरोबर’? राइट. ‘आल्यावर लय दिवसांनी’? तिथे जरा वेळ लागला, मग मागच्या बाकावरून लाँग आलं. वाक्य तेच, आफ्टरच्या आधीची एवढीशी जागा तेवढी बदलत होती. पोरांनी ती जागा चौकोनात घातली आणि तिला ‘च-ची खोली’ असं नाव दिलं. हे नाव त्यांचंच आहे.

मग बीफोर घेतलं आणि तिथे मजेशीर गोष्ट निघाली. एकानं विचारलं, बीफोर नक्की आहे काय? आय हॅव सीन हिम बीफोर, बीफोर द रेन, बीफोर द रेन केम, तिन्हीकडे तोच कसा? गाइड त्याला एकदा क्रियाविशेषण म्हणतं, एकदा शब्दयोगी, एकदा उभयान्वयी. मी त्याला आपला ‘आधी’ दाखवला. ‘आधी जेव.’ ‘पावसाआधी.’ ‘पाऊस यायच्या आधी.’ शब्द एकच, जोडीला कधी काही नाही, कधी नाम, कधी अख्खी घटना. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, ऑटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकानं 1924 मध्ये हेच मांडलं होतं की हे तीन वेगळे शब्द मानू नयेत, एकाच शब्दापुढे कधी काही नसतं, कधी नाम असतं, कधी वाक्य असतं. दारव्ह्याजवळच्या एका दहावीच्या मुलाला तोच प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला.

अकोलेकर दादा, गोल करायचं उद्या घेते. तुमच्या बाबांची हकीकत मुलांना सांगू का? नाव-गाव सांगणार नाही.

दूरदेशी_अकोलेकर

सांगा ताई. बाबांना विचारलं, ते म्हणाले जरूर सांगा.

उंबरठा_10वी

मी काळी_माती मॅडमच्या वर्गातली आहे, मॅडमनी ही लिंक दाखवली. माझा एक प्रश्न आहे. व्हेननंतर विल येत नाही असं म्हणता, पण आमच्या धड्यात आय डोन्ट नो व्हेन ही विल कम असं आहे. मग ते चूक आहे का?

वर्धाकाठ

बाळा, ते बरोबर आहे, आणि प्रश्न फार चांगला विचारलास. मराठीत दोन शब्द आहेत, ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’. इंग्रजीत दोन्हींसाठी व्हेनच आहे. ‘तो केव्हा येईल मला माहीत नाही’ हा पोटातला प्रश्न आहे, तिथे विल येतं. ‘तो येईल तेव्हा सांगते’ यात दडलेला शब्द ‘जेव्हा’ आहे, तिथे विल येत नाही. व्हेन दिसला की मनात विचार, ‘केव्हा’ की ‘जेव्हा’?

इफचंही असंच आहे. ‘येईल की नाही’ असा अर्थ असेल तर विल चालतं, ‘आला तर’ असा असेल तर नाही.

उंबरठा_10वी

समजलं सर. मग हे बरोबर का बघा. आय डोन्ट नो व्हेन द रेन विल कम, बट व्हेन इट कम्स, माय मदर विल सो कॉटन फर्स्ट.

वर्धाकाठ

दोन्ही व्हेन बरोबर. स्वल्पविरामसुद्धा.